वेल्डरचं गाव

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास सटाण्याकडचा एक शेतकरी फवारणीच्या ब्लोअरची मोडलेली फ्रेम घेऊन सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आला. तिथल्या वेल्डरबरोबर मी रोज चहा घेतो. प्राचीन ग्रीक महाकाव्यातला चतुर वीर परक्या माणसांना स्वतःचं खोटंच गाव सांगतो. हाही तसाच. मला त्याने जळगाव सांगितलं होतं, मालकाला बीड.

शेतकऱ्याने आपल्या गावाचं नाव घेतलं, तेव्हा वेल्डरने फ्रेमवरची नजर न काढता विचारलं, "तिथला एक मित्र होता माझा. घर सोडून गेला. त्याची आई आहे का हो?"

"शे ना! घर सोडेल पोऱ्या गावमा तो एकच. माय त्यानी सायकल रोज पुसस. त्याले सांगा भाऊ, एक डाव तरी ये."

"सांगतो," तो म्हणाला.

फ्रेम जोडून झाल्यावर तो मालकाकडे गेला. "शेठ, चार दिवस सुट्टी द्या. आईला भेटून येतो."

"कोणत्या आईला? दिवाळीत तिच्या तेराव्याला गेला होतास ना तू?"

"ते खोटं होतं, शेठ."

"आणि हे?"

सुट्टी मिळाली नाही. दुपारी दोनच्या सटाणा बसमध्ये तो खिडकीशी बसलेला मी पाहिला.