प्रभूने मला सांगितलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. पाळकसाहेबांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. रोज सकाळी ज्याच्यापुढे गुडघे टेकते त्याच्याजवळही — खरं सांगू? — नेमक्या शब्दांत कधीच नाही. त्याला ठाऊक आहेच, असं म्हणते आणि पुढच्या विनंतीकडे वळते.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चमध्ये तरुण आयांची सभा होती. विषय, मुलांना विश्वासात कसं वाढवावं. बोलायला मला बोलावलं. का नाही बोलावणार? नवरा लवकर गेला, ठाण्यात खोपटजवळच्या एका कचेरीत नोकरी करून मी एकटीने मुलगी वाढवली, आणि ती मुलगी, एस्तेर, आज कल्याणच्या चर्चमध्ये लहान मुलांना बायबल शिकवते. मी वीस मिनिटं बोलले. जेवणाआधीचे आभार, पाठांतर, रोजची प्रार्थना. बायका लिहून घेत होत्या. एकीने विचारलं, "काकू, एस्तेरला एवढी गोडी लावलीत कशी?"

मी हसले. दुसरं काय करणार होते?

एस्तेर नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ठाकुर्लीला राहायचो, अजूनही तिथेच राहते. दुपारी शाळेतून यायची, गळ्यातल्या किल्लीने दार उघडायची, जेवायची, आणि मी साडेसातला येईपर्यंत एकटी. एकदा विचारलं, "दिवसभर कुणाशी बोलतेस गं?" म्हणाली, "कुणाशी नाही."

म्हणून मी तिला एक वही आणून दिली. म्हटलं, रोज प्रभूला पत्र लिही, मनात येईल ते लिही. ही वही तुझी आणि त्याची. मी उघडणार नाही.

दोन महिने नाही उघडली. मग एका शनिवारी ती चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेली होती, गादी झटकताना वही हाताला लागली, आणि — उघडली. कारण देत नाही. उघडली.

आत प्रार्थना नव्हत्याच. गप्पा होत्या. प्रभू, जिन्यातली मांजर व्यायली, तीन पिल्लं आहेत, तू बघितलीस का? प्रभू, बाईंनी आज परत माझं नाव चुकीचं घेतलं. प्रभू, दोन वेण्या घातल्या तर किती बरं, पण आईला सकाळी वेळ नसतो.

सोमवारी मी तिच्या दोन वेण्या घातल्या. आरशातून माझ्याकडे बघत राहिली. "तुला कसं कळलं?"

"प्रभूने मला सांगितलं."

किती सहज बोलून गेले! त्या दिवशी तिने वहीत लिहिलं होतं — थँक यू, तू खरंच ऐकतोस. यात वाईट ते काय? उलट पोरीचा विश्वास वाढतोय, असं मी स्वतःला सांगितलं आणि दर शनिवारी वही वाचू लागले. कधी तिला हवा होता तो शिरा केला, कधी मैत्रिणीशी झालेलं भांडण ओळखून दाखवलं. दरवेळी तेच उत्तर. दमून घरी आल्यावर एक माणूस तुमच्याकडे असं बघतं, जणू देव तुमच्या कानात बोलतो — मला ते आवडायला लागलं होतं. हे लिहायलाही लाज वाटते.

मग गणपती आले. समोरच्या घरात मुग्धा राहायची, एस्तेरची एकुलती मैत्रीण. तिच्याकडे खेळ, पण आरतीला थांबू नकोस, असं मी बजावलं होतं. शनिवारी वहीत वाचलं — प्रभू, काल मी मुग्धाकडे झांजा वाजवल्या. सगळे एकत्र गात होते. तिच्या आजीने मला जवळ घेतलं. खूप मजा आली. रागावू नकोस हं. आणि आईला सांगू नकोस.

मला राग कशाचा आला? आरतीचा? नाही. 'सगळे एकत्र' या शब्दांचा आला. आमच्या घरात 'सगळे' म्हणजे आम्ही दोघी.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर जेवताना विचारलं, मुग्धाकडे काय केलंस? म्हणाली, काही नाही. आणि मी म्हणाले, "प्रभूने मला सगळं सांगितलंय."

ती रडली नाही. घास हातातच राहिला. मग अगदी हळू म्हणाली, "पण मी त्याला सांगू नकोस म्हटलं होतं."

अगं, मी वही वाचली — एवढंच म्हणायचं होतं. ती चिडली असती, माझ्यावर चिडली असती. मी म्हणाले, "त्याच्यापासून काही लपत नाही," आणि तिच्या पानात वरण वाढलं.

पुढच्या शनिवारी वहीत होतं — हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो. आम्ही! चार ओळी, सुवाच्य, पेपरात लिहाव्या तशा. रोज तशाच चार ओळी. काही आठवड्यांनी मीच वाचणं सोडलं. वाचण्यासारखं उरलंच नव्हतं. चर्चमध्ये मात्र सगळे म्हणायचे, एवढीशी पोर काय सुंदर प्रार्थना करते!

तीन वर्षांपूर्वी पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं. मला दोन महिन्यांनी कळलं, तेही तिच्या सासूबाईंकडून, बोलता बोलता. धावत कल्याणला गेले. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, "सांगून काय होणार होतं, आई?"

त्या सभेनंतरच्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. मटार सोलत बसली होती. मी विचारलं, "एकटी असतेस तेव्हा प्रार्थना करतेस ना गं?"

शेंग सोलायची थांबली. "मुलांसमोर करते, चर्चमध्ये करते. एकटीने नाही जमत. लहानपणापासूनच." मग कसंनुसं हसली. "माझ्यातच काहीतरी कमी असेल."

मी तिच्यासमोर बसले होते, हातभर अंतरावर. तोंड उघडलं — आणि म्हणाले, "पुरे झाले मटार."

ती उठली, टरफलं गोळा केली, हात धुतले. पाच वाजता कल्याणला गेली.

तिच्यात काही कमी नव्हतं. जे कमी झालं, ते मी केलं.