दुमडलेली दोन बोटं

बाई पियानो वाजवायच्या, आणि अशा वाजवायच्या की ऐकणाऱ्याने चुळबुळ करायचं विसरावं. जन्म मात्र सुताराच्या घरचा. बापाने एका बंद पडलेल्या शाळेचं सामान उचललं, त्यात बाकांबरोबर एक पियानोही गळ्यात पडला. अकरा पट्ट्या मुक्या होत्या. पोर उरलेल्यांवर वाजवायची आणि मुकी पट्टी आली की तो सूर तोंडाने गायची. बापाने हसत हसत एकेक पट्टी दुरुस्त केली. एकोणिसाव्या वर्षी मोठी स्पर्धा जिंकली, तिशीत स्वतःच्या रचना वाजवायला लागल्या, पस्तिशीत सभागृहात खुर्च्या कमी पडायला लागल्या. जीभ तिखट. कुणी खोकला तर वाजवणं थांबवून ‘झालं का?’ विचारायला मागेपुढे बघायच्या नाहीत.

एक्केचाळिसाव्या वर्षी उजव्या हाताने दगा दिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाजवताना आपोआप आत वळायला लागलं. कांदा चिरताना काही नाही, सही करताना काही नाही. पियानोवर हात ठेवला की झालंच. डॉक्टर म्हणाले, ‘बोटं धडधाकट आहेत. गोंधळ मेंदूत आहे. सराव वाढवाल तर आणखी बिघडेल.’ उभा जन्म सरावावर काढलेल्या माणसाला हे सांगायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांनाच ठाऊक.

झाकली मूठ सव्वा लाखाची. बाईंनी कुणालाच सांगितलं नाही. जुन्या रचना गुपचूप कार्यक्रमातून काढल्या, आणि नव्या अशा रचल्या की उजव्या हाताची तीन बोटं पुरावीत. वरचे सूर रिकामे सोडायचे, चाल डाव्या हाताकडे द्यायची. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘विरळ सुरांची नवी वाट.’ बाईंनी ते वाचलं आणि, खोटं कशाला बोला, त्यांना आवडलं.

तेव्हाच थोरल्या बहिणीने आपली अकरा वर्षांची पोर त्यांच्या घरी आणून सोडली. ‘तुझ्यासारखी कर,’ एवढंच म्हणाली. पोर गुणी होती. बाईंची शिकवण्याची रीत एकच, बडबड करायची नाही, वाजवून दाखवायचं. ‘डोळे उघडे ठेव,’ म्हणायच्या. आणि पोर वाजवायला बसली की स्वतः मात्र खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. हात काय बघायचे, संगीत कानाने ऐकायचं असतं, असा त्यांचा हेका. अशी सहा वर्षं गेली.

भाचीच्या संगीत महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला तीन आठवडे उरले होते. पियानो सुरात लावणारे काका आले होते, आणि भाचीचं वाजवणं संपेपर्यंत दाराशी थांबले होते. कौतुकाने म्हणाले, ‘बाई, पोर हुबेहूब तुमच्यासारखी हो. बोटंसुद्धा तशीच मिटते.’

बाई खिडकीपासून वळल्या. पोरीच्या उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटली होती.

‘बोटं सरळ कर,’ बाई म्हणाल्या.

‘का? तू कुठे करतेस?’ भाची हसली. ‘आपली पद्धत आहे ना ही. दोन वर्षं लागली मला बसवायला, मावशी. आधी जाम दुखायचं.’

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण पुढच्या महिन्यात बाईंची सगळ्यात मोठी रचना वाद्यवृंदासह व्हायची होती, पियानोवर त्या स्वतः. आजाराचं नाव निघालं असतं तर ती खुर्ची गेली असती. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत बाईंनी वीस दिवस ढकलले. परीक्षेला निघालेल्या पोरीला इतकंच म्हणाल्या, ‘परीक्षक जुन्या वळणाचे असतात. त्यांच्यापुरती सरळ ठेव.’

पोर कसली ठेवते. मावशीची पद्धत लपवायला ती काय चोरी होती? दुपारी परत आली ती रडत नव्हती, रागाने लाल झाली होती.

‘नाही घेतलं. पाया चुकीचा आहे म्हणाले. मी त्यांना तोंडावर सांगितलं, माझी मावशी अशीच वाजवते, आणि पुढच्या महिन्यात सगळं शहर ते ऐकायला येणार आहे. तुम्हाला कळत नसेल तर तो तुमचा दोष. बरोबर सांगितलं ना मी?’

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन त्या महाविद्यालयात गेल्या. मुख्य परीक्षक उठून उभे राहिले, कारण बाईंचं नाव मोठं होतं. बाई पियानोवर बसल्या आणि लहान मुलं पहिल्या दिवशी वाजवतात ते पाच सूर वाजवले. तिसऱ्यानंतर बोटं आत वळली. पुन्हा वाजवले. पुन्हा वळली.

‘ही पद्धत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘हा आजार आहे. सात वर्षं मी तो लपवलाय. पोरीने माझ्या आजाराची नक्कल केली, आणि ते कळल्यावरही मी गप्प बसले.’

परीक्षक म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा ऐकू, मात्र दुसऱ्या शिक्षकाकडे शिकायला हवं. बाईंनी मान डोलावली. बातमी फुटली आणि संध्याकाळच्या आत सभागृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. फार अदबीने बोलले. पियानोवर आता दुसरं कुणी बसेल म्हणाले. बाईंना त्याचं जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, कारण घरात पोर सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती.

शेवटी ती बोलली. ‘तीन आठवडे तुला माहीत होतं.’

‘हो.’

‘मी त्या लोकांशी भांडले तुझ्यासाठी.’

पोर उठून पियानोवर बसली. दोन बोटं डाव्या हाताने ओढून सरळ केली आणि तेच पाच सूर वाजवायला लागली. चौथ्या सुरावर बोटं आत गेली. तिने पुन्हा सरळ केली, पुन्हा वाजवलं. पाच-सहा वेळा हेच झालं. मग ती वळली. सकाळपासूनचा राग चेहऱ्यावरून उतरला होता, नुसती भीती उरली होती.

‘मावशी, ही माझी सवयच आहे ना? मला तुझा आजार नाही ना झाला?’

‘नाही गं. सवय आहे. डॉक्टरांना विचारलंय मी, नक्कल केल्याने हा आजार होत नाही. सुटेल.’

‘खरं सांगतेस?’

बाई खरंच सांगत होत्या. पण पोर त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि आपल्यावर विश्वास ठेव असं म्हणायचं बाईंचं धाडस झालं नाही.