नकोबांचं मागचं दार

आमच्या शेजारच्या सल्लागारांचं नाव मी नकोबा ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की आता त्यांची बायकोही चिडली की तेच वापरते. दुकानात काउंटर कुठं हवा, फळ्या किती उंच, गिऱ्हाईक कुठून वळावं, हे सांगायचा त्यांचा धंदा. माणसं लांबून येतात आणि बहुतेक हात हलवत परत जातात. एका सराफाला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. का, तर "आरशांत माझं डोकं चालत नाही."

मी म्हटलं, "घरातला आरसा तरी बघता का कधी?"

ते हसले. हसताना डोळे मात्र मागच्या दाराकडे गेले. नेहमीच जातात.

ते दार कधी बंद नसतं. थंडी असो, धूळ असो, एक ओबडधोबड दगड लावून सताड उघडं. इमारतीतला बोका तिथून जावयासारखा येतो आणि पलंगावर पसरतो.

कारण मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, मोठ्यानं कुणी बोलत नाही. पूर्वी नकोबा कुणालाच नाही म्हणत नसत. असंच एकदा गोदामाचं काम घेतलं. गोदाम म्हणजे मोठं दुकानच की, असं त्यांना वाटलं. मालकाला जागा हवी होती. यांनी मागच्या दारापुढं आडवी मांडणी घालून ती काढून दिली. मालक खूश. पुढं आग लागली तेव्हा राखणदार आत होता. मागच्या बाजूनं थापा ऐकू आल्या, असं आजूबाजूचे सांगत. चौकशीत दोष जुन्या तारांचा निघाला. यांना कुणी बोल लावला नाही. बहुधा तेच वाईट झालं.

तेव्हापासून कुठलीही जागा बघायची तर हे मागच्या दारानं शिरतात, आणि स्वतःला विचारतात: इथं मी चुकलो, तर मला कळेल का? उत्तर 'नाही' असं आलं, तर काम नको.

मध्यंतरी शेजारणीचा, म्हणजे नकोबांच्या बायकोचा, धाकटा भाऊ आला. मी शिडी परत मागायला गेले होते. शिडी मला नको होती, हे सांगायला नकोच. नकोबा आत शर्ट बदलत होते. "ताई, बाजार आहे का हा?" म्हणत भावानं दगड पायानं सरकवला आणि दार लावून टाकलं. मग रंगांच्या गोदामाचा नकाशा टेबलावर पसरला.

"दाजी, परक्यांना नाही म्हणता ते ठीक. मी घरचा आहे."

"म्हणून तर भीती वाटते."

शेजारीण मध्ये पडली. "एकुलता एक भाऊ आहे माझा. आज नाही म्हणालात तर तो ही पायरी चढायचा नाही. मग मला माहेर कुठलं?"

नकोबा नकाशावर वाकले. पेन्सिलही उचलली. मला वाटलं, विरघळले. त्यांचं बोट सरकत मागच्या भिंतीशी थांबलं.

"हे दार?"

"ते असून नसल्यासारखं. तिथंच मांडणी घालायचीय."

तेवढ्यात आमच्या पाठीमागं दारावर थाप पडली. जरा थांबून आणखी एक, हळू.

"बोका असेल," मी सवयीनं म्हटलं. मग खाली पाहिलं. बोका माझ्या पायाशी होता, कान मागं पाडून.

नकोबांनी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं, पानही हलत नव्हतं. परत येऊन त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"नाही जमणार रे. इथं मी चुकलो तर मला कळायचं नाही. गोदामं कळणारा माणूस तुला शोधून देतो. तोवर ते दार मोकळं ठेव."

भावानं नकाशा गुंडाळला आणि चहा न पिताच गेला. तो पुन्हा फिरकला नाही. शेजारीण नवऱ्याशी बोलेना. मला म्हणते, "वहिनी, विचारा त्यांना, वाढू का म्हणून," आणि ते समोरच बसलेले! मी इमानानं निरोप पोचवते, पदरचं तिखटमीठ लावून.

परवा दुपारी नकोबा बाहेर गेले होते आणि मी शेजारणीकडे बसले होते. वाऱ्यानं दगड हलला आणि ते दार धाडकन बंद झालं. मला वाटलं, आता ही ते उघडायची नाही. शेजारीण जागची उठली. दार उघडून दगड परत लावला, पायानं दाबून पाहिला.

"बोका येतो ना," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

बोका कधीचा तिच्या पलंगावर पसरला होता.