हद्दीचा दगड आणि आमची मोजणी

आमची चाळ मुंबईत होती की ठाणे जिल्ह्यात, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. दहिसर नाक्याजवळ, खाडीच्या अंगाला बावीस खोल्या. हद्द दाखवणारा एक दगड होता, तो आमच्याच लोकांनी उचलून विहिरीवर नेला, कपडे आपटायला. चांगला सपाट दगड, फुकट कशाला घालवा? विहिरीचं पाणी मचूळ. प्यायचं पाणी हायवेपलीकडच्या नळावरून यायचं, म्हणजे माझी आई आणायची. डोक्यावर एक हंडा, कमरेवर दुसरा, दिवसाला चार खेपा. तिची कंबर तेव्हाच कामातून गेली होती.

एक्याऐंशी साली जनगणना आली. मी एकवीस वर्षांचा, चाळीतला एकटा बारावी पास, त्यामुळे स्वतःला अतिशहाणा समजायचो. आधी मुंबईकडचे एक गुरुजी आले. खांद्याला झोळी, हातात गेरूचा डबा. पहिल्याच दारावर ते नंबर टाकायला लागले तसा माझा संशय पक्का झाला. नंबर पडले की मागून तोडायला गाडी येते, हे आम्ही पलीकडच्या झोपडपट्टीत डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात गुरुजींनी विचारलं, मुलं किती? शेजारच्या काकूंनी दार लावून घेतलं. आणीबाणीत त्यांच्या नवऱ्याला धरून नेऊन ऑपरेशन केलं होतं. त्या कशाला तोंड उघडतील?

मी पुढे झालो. म्हटलं, "गुरुजी, चुकताय तुम्ही. आम्ही ठाण्याचे. मुंबई त्या विहिरीपाशीच संपली." विहिरीवर दगड होताच, त्यावर आकडे खोदलेले. गुरुजींनी वाकून पाहिलं, साबणाचा फेस बाजूला केला, आणि गेले बिचारे. चाळ माझ्यावर खूश.

आठवड्याने ठाण्याकडच्या शाळेतल्या एक बाई आल्या. मी म्हटलं, "बाई, आम्ही मुंबईचे. तुमच्या आधी येऊन गेले ना मुंबईचे गुरुजी." पहिल्या दारावर गेरूचा अर्धवट नंबर होताच. आई मागून म्हणाली, "अरे, सांगून टाक किती माणसां ती. काय नेतत ते?"

"आई, तू गप्प बस. तुला नाही कळत," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडचं आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

दोन वर्षांनी चाळीने नळासाठी अर्ज केला. पहिला अंगठा आईचा. अर्ज घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेलो. कारकुनाने कागद चाळले आणि म्हणाला, "इथे वस्तीच नाही. गणतीत एक माणूस नाही." मला वाटलं, याला चहापाणी हवंय. दोन दिवस त्याच मस्तीत काढले. मग ठाण्याकडे जाऊन विचारलं. तिथेही तेच. वाट लागली ती माझ्या हुशारीने, बाकी कोणाचा काही दोष नव्हता.

आई दारात वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही, ते जास्त वाईट. डोक्यावरची चुंबळ काढून तिने माझ्या हातात दिली. "तू शाणो मा? मगे फाल्यापासून पाणी तूच हाड."

दुसऱ्या दिवशी मी बायकांच्या रांगेत उभा राहिलो. त्या मनसोक्त हसल्या. तिसऱ्या खेपेला मी हायवेच्या कडेला बसकण मारली, आणि चौथी खेप आईलाच करावी लागली. पुढेही बरेचदा तसंच झालं, कारण मला नोकरी होती आणि तिला नव्हती, असं आम्ही धरून चाललो.

नळ आला तो एकोणनव्वदला, आम्ही घरटी माणसांची नावं स्वतः लिहून दिल्यावर. तोवर आई कमरेत वाकली होती. तिने तोटी उघडली, पाणी हातावर घेऊन चाखलं, बंद केली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "आता कोण इचारूक इलो, तर आपण खंयचे म्हणान सांगतलंस?"