नवजात कक्ष वगळून

आमच्या ऑफिसात त्यांना चाळणीबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही रुग्णालयाच्या कॉम्प्युटर विभागात. इथला प्रत्येक सर्व्हर, प्रिंटर आणि भिंतीवरचा पडदा एका मोठ्या डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो: कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि मुख्य म्हणजे कोण कोणाच्या जिवावर चालतं. हजारो ओळी. ती सगळी यादी एकदम उघडणारा माणूस बाईंच्या लेखी अडाणी. "अख्खं कपाट पलंगावर उपडं करून रुमाल शोधतेस का गं?" असं मला त्या कितीदा म्हणाल्या असतील.

बाई फिल्टर लावत. एवढंच खातं, एवढाच मजला, एवढीच जुनी यंत्रं. हवं ते पडद्यावर राहायचं, नको ते गळून जायचं. अशा गाळलेल्या याद्यांना नावं देऊन त्या जपून ठेवत. जुन्या सर्व्हरांची यादी 'म्हातारे पण धडधाकट', सारख्या अडणाऱ्या प्रिंटरांची 'रुसलेले'. साहेबांना ही नावं पसंत नव्हती. बाईंनी साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर 'रुसलेले'मध्ये घातला आणि विषय संपवला.

मग त्यांची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, आमच्याच रुग्णालयात. मुलगी झाली. एवढीशी आहे, असं सगळे सांगत होते. बाईंनी तिला पाहिलंच नव्हतं. वरच्या मजल्यावर नवजात कक्ष होता. बाई जिन्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. "एकदा पाहिलं की जीव गुंततो, आणि मग..." एवढं बोलून पुन्हा यादीत डोकं घालायच्या. मला राग यायचा. लेक वर एकटी आणि आजी खाली प्रिंटर मोजतेय! पण त्यांच्याकडे पाहिलं की मी तो गिळायचे. यादीत नवजात कक्षाची नुसती ओळ दिसली तरी त्या अख्खी यादी बंद करून टाकायच्या.

एका सकाळी त्यांनी नवी यादी केली आणि तिला नाव दिलं 'नवजात कक्ष वगळून'. सगळं रुग्णालय, फक्त ती एक खोली सोडून. "आता तरी काम करता येईल," म्हणाल्या. मलाही ते शहाणपणाचं वाटलं.

त्याच आठवड्यात एक जुना सर्व्हर बंद करायचा होता. आमची पद्धत अशी, की बंद करण्याआधी बाई त्याचं नाव टाकून बघणार, त्याच्यावर कोण अवलंबून आहे. एक जरी ओळ आली तरी काम थांबतं. बाईंनी नाव टाकलं. पडदा रिकामा. 'काहीही आढळले नाही.' त्यांनी शेरा लिहिला, 'कोणीही अवलंबून नाही, बंद करावा', आणि तो खाली सर्व्हर रूममध्ये पाठवला. तिथला तंत्रज्ञ बारा महिने स्वेटर घालून गारठ्यात बसतो, म्हणून त्याला आम्ही शीतगृह म्हणतो. शीतगृह कामाला चोख. सांगितलं की केलंच.

आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा लेकीचा फोन आला. बाई फोन स्पीकरवर टाकूनच बोलतात, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"आई, आज मी पोटभर जेवले. सिस्टरांच्या पडद्यावर बघून आले ना. रोज तिच्या ठोक्यांचा आकडा वरखाली नाचतो, माझा जीव जातो. आज बघ, एकदम स्थिर! इतका वेळ उभी होते, एकदाही हलला नाही."

"बरं झालं हो, बाळा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हातातला घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठोक्यांचा आकडा हलत नाही म्हणजे काय?

बाई उठून टेबलाशी गेल्या. सर्व्हरचं नाव पुन्हा टाकलं. रिकामा पडदा. मग त्यांनी फिल्टर काढला आणि ओळी भराभर येऊ लागल्या. नवजात कक्ष, खाट. नवजात कक्ष, खाट. नवजात कक्ष, सिस्टरांचा पडदा. नवजात कक्ष, धोक्याची घंटा.

"अगं, हे काय केलं मी," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

मी खाली फोन लावला. "बंद केला की! वायरीसुद्धा काढून ठेवल्या," शीतगृह म्हणाला. त्याला वाटलं, शाबासकी मिळणार.

"लाव! आत्ताच्या आत्ता परत लाव!"

"लावतो, पण म्हातारा आहे तो. उठायला वेळ घेणार."

वर कक्षाचा फोन कोणी उचलेना. आम्ही पळालो. मी बाईंपेक्षा कितीतरी लहान, पण जिन्यावर त्या माझ्या पुढे होत्या.

कक्षात शांतता होती, आणि त्या शांततेचीच मला भीती वाटली. प्रत्येक बाळाच्या पायाला एक तार, ती एका डबीत, आणि डबीला जे कळतं ते सगळं सिस्टरांच्या टेबलावर. पडदा काळा पडला असता तर कोणाच्याही लक्षात आलं असतं. तो शेवटच्या आकड्यांवर थिजला होता. सगळं छान आहे, असंच तो सांगत होता.

"पडद्यावर विश्वास ठेवू नका, तो बंद आहे. मी बंद करायला लावला," बाई एका दमात म्हणाल्या.

मोठ्या सिस्टरांनी एकदाच पडद्याकडे पाहिलं. रागावायला त्यांना वेळ नव्हता. दोन शब्दांत त्यांनी प्रत्येक खाटेपाशी माणूस उभा केला आणि माणसं कमी पडली तशी आम्हालाही जुंपलं. बाई कोणाच्या आजी, हे अख्ख्या रुग्णालयाला ठाऊक होतं. "आजी, तुम्ही इथे. छाती वरखाली होतेय का, एवढंच बघायचं. थांबली की हाक मारा. नजर हटवायची नाही."

"पण माझी नात..."

"ती तुमच्या मागे आहे. तिच्याकडे ह्या बघतील. घरच्यांना आम्ही घरच्या बाळापाशी उभं करत नाही. भीतीने त्यांना काही दिसत नाही."

ह्या म्हणजे मी. असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता आणि पुन्हा येऊ नये. काचेच्या पेटीत ते इवलंसं अंग, आणि छाती इतकी कमी हलत होती की मी माझाच श्वास रोखून बघत होते. वर, खाली. वर, खाली. मग खाली गेलेली वर येईना. मी वाट पाहिली. ओठांचा रंग बदलला.

"सिस्टर!"

मोठ्या सिस्टर धावत आल्या, पेटीत हात घालून त्यांनी बाळाचा तळवा चोळला. एकदा, परत एकदा. माझी पाठ बाईंच्या पाठीला टेकली होती. हाक मी मारली, म्हणजे कोणाच्या खाटेवरून मारली, हे त्यांना कळलंच होतं. पण त्या वळल्या नाहीत. कोणाच्या तरी परक्या मुलावर डोळे लावून उभ्या राहिल्या.

तळवा तिसऱ्यांदा चोळल्यावर नातीची छाती उचलली गेली आणि ती बारीक आवाजात चिडून रडली.

"घेतेय?" बाईंनी न वळता विचारलं.

"घेतेय, बाई. घेतेय."

थोड्या वेळाने टेबलावरचे आकडे नाचायला लागले. मोठ्या सिस्टरांनी एका बाळाची तार काढून घंटा वाजते का ते पाहिलं. वाजली.

"आजी, वळा आता," त्या म्हणाल्या.

"ह्याच्यापाशी आधी कोणीतरी येऊ दे."

"बाई, घंटा चालू झालीय," मी म्हटलं.

"घंटेचं मला सांगू नकोस."

एक सिस्टर त्या खाटेपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा कुठे बाई वळल्या. नातीकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं आणि काचेवर हात ठेवला. तेवढ्यात दारातून लेक आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"आई! आलीस तू!" तिचा चेहरा असा काही खुलला, की मी खाली मान घातली. "मला माहीत होतं, तू येणार."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले.

"आले. पण का आले ते आधी ऐक," त्या म्हणाल्या, "आणि मग हवं तर मला हाकलून दे."