तेलाचं तापमान, पाण्याचं तापमान

चाकणच्या एका कंपनीत मी इंजिनांच्या चाचणीचे प्रोग्राम लिहिते. आमची प्रोग्रामची भाषा महाकडक. आकड्यांच्या एका प्रकारावरून दुसरा प्रकार काढला, की मूळ प्रकाराला जे जे करता येतं, बेरीज, वजाबाकी, तुलना, ते सगळं नव्याला फुकटात मिळतं. पण म्हणून दोघांची सरमिसळ? नाव नको! मी 'तापमान' या प्रकारावरून तेलाचं तापमान काढलं, पाण्याचंही काढलं. दोन्ही आकडेच की हो. तरी एकाचा आकडा दुसऱ्यात टाकला, की प्रोग्राम तिथल्या तिथे नाकारला जातो. रूपांतर करतेय, असं स्वच्छ लिहावं लागतं. समजून घेणं वगैरे या भाषेला ठाऊकच नाही.

मी बाबांवरून निघालेली. ते पिंपरीच्या कारखान्यात फिटर होते. भोंगा होईल या धास्तीनं भराभर जेवायचे; मीही तशीच जेवते. कुलूप लावलं की पुन्हा ओढून बघायचं, तेही त्यांचंच. आणि मनातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही, हा गुण तर जसाच्या तसा उतरलाय.

लहानपणापासून आमचं बोलणं व्हायचं ते आईमार्फत. "बाबांना सांग, मला उशीर होईल." "तिला म्हणावं, रेनकोट ने." एकाच खोलीत बसून, हां! "मेलं मला पोस्टमन केलंय या बापलेकीनं," म्हणून आई वैतागायची, पण निरोप पोचवायची. गेल्या वर्षी ती गेली. बाबा माझ्या मोशीच्या फ्लॅटवर राहायला आले आणि घरात दोन माणसं असून शुकशुकाट. "भात झालाय," मी भिंतीला सांगायची. ते येऊन मुकाट जेवायचे. मला रडू यायचं, रागही यायचा.

एका रविवारी ते कुकरकडे बघत म्हणाले, "लातूरला जातो भावाकडं. कायमचाच." मी नुसतं "बरं" म्हटलं. कपाळ माझं!

एसटी स्टँडला जायला रिक्षा आली. बॅग आत गेली, बाबा बसले. मी रिक्षावाल्याला म्हणाले, "दादा, यांना म्हणावं, जायलाच पाहिजे का?"

बाबाही त्यालाच म्हणाले, "तिला विचारा, माझी अडचण होत नाही का तिला?"

रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग आरशात त्यांच्याकडे. "काय राव ताई! समोर तर बसलेत. तुम्हीच सांगा की!"

मी वाकून आत पाहिलं.

"बाबा, जाऊ नका. मला फार एकटं वाटतं."

त्यांनी बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "मलाबी गं. इथं तर लईच वाटतं."

आणि बॅग माझ्या हातात दिली.