वॉचमनची लाल रेघ

कॉम्प्युटर चुकत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी चहा विचारत नाही. पाणी देते, पाण्याला कुणाला नाही म्हणू नये. पण चहा नाही. असं म्हणणारा एक साहेब मी आठ वर्षं सहन केला, तेवढं पुरे झालं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी ऑफिसात टायपिंग करायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे घाबरत, म्हणून तो माझ्या टेबलावर ठेवला. कल्याणहून फॉक्सप्रो या प्रोग्राम लिहायच्या भाषेच्या पुस्तकाची झेरॉक्स मागवली. निम्मं इंग्रजी कळायचं, निम्मं करून बघायचे. दोन वर्षांत प्रोग्राम लिहायला लागले. कॉलेजचं तोंड न पाहिलेली बाई प्रोग्राम लिहिते म्हणून माझं नाकही जरा वर गेलं होतं, ते आधीच सांगून टाकते.

तेव्हा हजेरी गेटवर लागायची. वॉचमनकाका येणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहीत आणि मग खाली लाल पेनने आडवी रेघ मारत. रेघेच्या वर नाव असलं तर वेळेवर, खाली असलं तर उशीर. मग नवे साहेब आले. त्यांनी कार्ड घासायचं यंत्र आणलं आणि मला म्हणाले, "मॅडम, आठ म्हणजे आठ. महिन्यात दहा वेळा उशीर झाला की नाव यादीत. असा प्रोग्राम लिहा."

लिहिण्याआधी मी जुन्या वह्या टेबलावर घेऊन बसले. बघते तर ती रेघ कधी आठला, कधी आठ-वीसला, एक दिवस तर चक्क पावणेनऊला. मला हसूच आलं. गेटवर जाऊन म्हटलं, "काका, तुमचं घड्याळ कोंबडीने गिळलं काय?" काका हसले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण मला घाई. वह्या कपाटात टाकल्या आणि प्रोग्रामात आठ लिहून मोकळी झाले.

महिना संपला. प्रिंटरमधून कर्रकर्र करत यादी बाहेर आली. एकोणीस बायका. मी ती वाचलीसुद्धा नाही. शाई नीट उमटली का तेवढं पाहिलं आणि नाचवत साहेबांच्या टेबलावर ठेवली.

चार दिवसांनी माझी नणंद पॅकिंगमधून तरातरा माझ्या टेबलापाशी आली. ती वैशाखऱ्याला दिलेली, रोज एसटीने यायची. पाच वर्षं टेंपररी होती आणि त्याच महिन्यात पर्मनंट व्हायची होती. सासरी पेढ्यांचंसुद्धा ठरलं होतं.

"वहिनी, ती एसटी काय माझ्या सासऱ्याची हाय?"

"काय झालं गो?"

"माझं नाव काढलं पर्मनंटातून. तुझ्या मशीननं."

"मशीनने नाही, नियमाने."

"आन नियम कुणी लिवला?"

सगळं ऑफिस ऐकत होतं. मी मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. यादी काढून आता पहिल्यांदा वाचली. एकोणीसच्या एकोणीस बायका त्याच एसटीच्या.

गेटवर गेले. "काका, ती रेघ तुम्ही कशावरून मारायचात?"

"मी घड्याळाकडं बघतच नव्हतो, पोरी. रस्त्याकडं बघायचो. वैशाखऱ्याकडली गाडी आली, बाया उतरल्या, आत गेल्या, का मग रेघ. गाडीच आली नाय तर त्या काय उडत येतील?"

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो. तू कोंबडीत होतीस."

यात लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच. लग्नाआधी दोन वर्षं मी स्वतः त्याच गाडीने कामाला यायचे. ती रेघ माझ्यासाठीही थांबत होती आणि मला वाटायचं, मी वेळेवर येते. पुढे सासर कारखान्यापासून दहा मिनिटांवर मिळालं. गाडी सुटली तशी गाडीची आठवणही सुटली.

साहेबांकडे गेले. म्हटलं, यादी मागे घ्या, चूक माझी आहे.

"हेड ऑफिसला फॅक्स गेलाय. आणि कॉम्प्युटर चुकत नाही, मॅडम."

हे साहेब स्वतः मोटारीतून साडेनऊला यायचे. मी म्हटलं, "तुमचं कार्ड बनवायचं राहिलंय, साहेब."

"तुमचं कामही राहिलंय. ते करा."

त्या आठवड्यात मी प्रोग्रामात लाल रेघ घातली. गाडी कधी लागली ते काकांनी रोज सांगायचं, मी ती वेळ भरायची आणि त्या गाडीच्या बायकांचा उशीर तिथून धरायचा. साहेबांनी ते चालवू दिलं नाही. "वॉचमनच्या भरवशावर प्रोग्राम चालतो का?" मग एके दिवशी टोकावड्याच्या पुढे गाडी बंद पडली, बायका साडेनऊला पोचल्या आणि नऊनंतर आत घ्यायचं नाही या साहेबांच्या नियमाप्रमाणे गेटवरून परत पाठवल्या गेल्या. पॅकिंगचं मशीन दिवसभर रिकामं उभं राहिलं. संध्याकाळी साहेब आपल्या पायांनी माझ्या टेबलाशी आले. "ते बसचं काय होतं, ते चालू करा." पुढच्या मीटिंगमध्ये ती युक्ती त्यांची झाली होती. झाली तर झाली, माझी तरी कुठे होती? काकांची होती.

पण पहिली यादी तशीच राहिली. "मागचं मागे," म्हणाले साहेब. मी तिथे अडून बसायला हवं होतं. ही यादी बदला, नाहीतर तुमचा प्रोग्राम तुम्ही सांभाळा, असं म्हणायला हवं होतं. माझ्याशिवाय तो कुणाला उघडतासुद्धा येत नव्हता. तसं म्हटलं नाही. नोकरीला भ्याले. नणंद आणखी तीन वर्षं टेंपररीच राहिली आणि मग घरी बसली.

आता आमच्या घरातली कॉम्प्युटरच्या कंपनीत जाणारी मुलं काही बिघडलं की म्हणतात, "रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं, काकू." म्हणजे, काय हवं ते लिहून दिलेल्या कागदावर नव्हतं. माझा संताप होतो. अरे, माझ्या तर टेबलावर होतं, लाल शाईत, पानापानावर! न दिसायला मी आंधळी नव्हते. मला वाटलं, वॉचमनकडून काय शिकायचं? आणि साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिलं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात घाणेरडं वाक्य आहे. मी ते पुष्कळदा बोलले आहे, म्हणून मला ठाऊक.

नणंद भाऊबीजेला येते. उंबऱ्याबाहेर चपला काढता काढता दरवर्षी मोठ्याने विचारते, "वहिनी, आठ वाजले का गो? उशीर तर नाय ना झाला?"

मागच्या वर्षी मी म्हटलं, "ये गो, रेघ अजून मारली नाही."

ती पाय पुसत आत आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मारायची तवा मारलीस की."

आणि भावाला ओवाळायला पाट मांडू लागली.